हृदयाला मिठाची चव कळत नाही

पोहायच्या तलावात गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की थोड्या वेळानं लघवीला जावंसं वाटतं. पाणी गार असतं म्हणून, असं आपण समजतो. गारव्याचा वाटा असतोच, पण कोमट पाण्यातही हे घडतं. बाहेरच्या पाण्याचा दाब पायांतल्या आणि पोटातल्या शिरांवर पडतो आणि तिथलं रक्त वर छातीकडे ढकललं जातं. मोठ्या माणसात हे रक्त अर्धा ते पाऊण लिटर भरतं. अंगात पाण्याचा एक थेंब वाढलेला नसतो, की मिठाचा एक कण. तरी हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, फुगतात. फुगलेलं हृदय त्याचा एकच अर्थ लावतं, की शरीरात पाणी जास्त झालंय. मग ते मूत्रपिंडांना निरोप धाडतं: मीठ सोडा, पाणी सोडा.

ही फसगत लक्षात ठेवावी, कारण पुढचं बरंचसं तिच्यातूनच उलगडतं. हृदयाकडे मीठ मोजायचं साधन नाही. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, लिटरमागे १३० मिलिमोल आहे की १४५, हे त्याला कळत नाही. त्याला कळतो तो फक्त स्वतःच्या भिंतींवरचा ताण. आणि ज्या शरीरात मीठ साठलं की त्याच्यामागे पाणी साठतं, तिथे एवढं कळणं बहुतेक वेळा पुरेसं असतं.

हृदय हा पंप आहे एवढंच शाळेत शिकवतात. तो एक ग्रंथीही आहे हे कळायला १९८१ साल उजाडावं लागलं. सुगावे आधीपासून पडून होते. १९५६ साली ब्रुनो किश यांना गिनिपिगच्या अलिंदाच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गडद दाणे दिसले. हॉर्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींत असतात तसे दाणे, पण हृदयाच्या स्नायूत त्यांचं काय काम, हे कुणाला सांगता येईना. त्याच वर्षी दुसरीकडे कुत्र्याच्या डाव्या अलिंदात छोटा फुगा फुगवून पाहिला गेला आणि लघवी वाढली. हे दोन धागे जुळायला पंचवीस वर्षं लागली. मूळचे अर्जेंटिनाचे आणि कॅनडात काम करणारे आदोल्फो दे बोल्द यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांत लघवीतलं सोडियम तीस पटींहून जास्त आणि लघवी दहा पटींच्या आसपास वाढली. खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या स्नायूचा अर्क तसाच टोचला, तर काहीच झालं नाही. प्रयोगातला हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर कुणीही म्हणालं असतं की कुठलाही अर्क टोचा, लघवी वाढणारच.

पुढे १९८४ मध्ये जपानच्या मियाझाकीत कांगावा आणि मात्सुओ यांनी माणसाच्या अलिंदातल्या या हॉर्मोनची रचना उलगडली. ते २८ अमिनो आम्लांचं निघालं. हेच एएनपी, 'ए' म्हणजे एट्रियल, अलिंदाचं. १९८८ मध्ये त्याचं भावंड, ३२ अमिनो आम्लांचं बीएनपी, डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून त्याच्या नावातल्या 'बी'चा अर्थ ब्रेन, म्हणजे मेंदू. नंतर लक्षात आलं की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या निलयांत बनतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच, आणि तपासणीचा कागद हातात घेऊन 'मेंदूचं काही आहे का?' असं विचारणारे नातेवाईक आजही भेटतात. सीएनपी नावाचं तिसरं भावंडही आहे, पण त्याचं काम रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि हाडांच्या वाढीत. मिठाशी त्याचा फारसा संबंध नाही.

एएनपी आणि बीएनपी यांच्या कामाची तऱ्हा वेगळी आहे. एएनपी दाण्यांत भरून तयार ठेवलेलं असतं. अलिंद ताणलं की ते लगेच सुटतं, आणि रक्तात त्यातलं निम्मं दोन ते चार मिनिटांत संपतं. बीएनपीचा साठा थोडा. निलयावर ताण आला की त्याचं जनुक कामाला लागतं आणि माल ताजा तयार होतो, म्हणून ते सावकाश वाढतं आणि ताण टिकला तर वाढलेलंच राहतं. रक्तात ते निम्मं व्हायला वीसेक मिनिटं लागतात. बीएनपी बनताना १०८ अमिनो आम्लांच्या कच्च्या साखळीचे दोन तुकडे होतात: ३२ चं कामाचं बीएनपी आणि ७६ चा निकामी तुकडा. या निकामी तुकड्याचं नाव एनटी-प्रोबीएनपी. तो काही करत नाही, पण रक्तात तासभर ते दोन तास टिकतो. म्हणून तपासणीसाठी तोच जास्त सोयीचा.

आता मूत्रपिंडाकडे. इथला हिशोब नीट पाहिला की या हॉर्मोनचं मोल कळतं.

निरोगी मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. लिटरमागे १४० मिलिमोल सोडियम धरलं तर दिवसाचे २५,००० मिलिमोल होतात, म्हणजे मिठाच्या भाषेत जवळजवळ दीड किलो. आपण खातो आठ-दहा ग्रॅम. याचा अर्थ गाळलेल्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त मीठ मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांतून पुन्हा रक्तात ओढून घेतलं जातं. या परत घेण्यात अर्ध्या टक्क्याचा जरी फरक पडला, तरी दिवसाला सात ग्रॅम मीठ इकडचं तिकडे होतं. बहुतेक मीठ नळीच्या सुरुवातीच्या भागातच परत घेतलं जातं. शेवटी उरलेल्या चार-दोन टक्क्यांचं काय करायचं, हे ठरतं नळीच्या टोकाला. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं अल्डोस्टेरॉन हे हॉर्मोन तिथे 'परत घ्या' म्हणतं आणि एएनपी 'जाऊ द्या' म्हणतं.

एएनपी हे तीन-चार बाजूंनी घडवतं. गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी ते सैल करतं आणि गाळणीतून बाहेर नेणारी आवळतं. आत येणं सोपं आणि बाहेर जाणं अवघड झाल्यानं गाळणीतला दाब वाढतो आणि गाळण जास्त होतं. नळीच्या अगदी शेवटच्या, मूत्रपिंडाच्या गाभ्यातल्या भागात सोडियम आत घेणारी दारं ते बंद करतं. मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिनचं स्रवणं ते दाबतं, आणि रेनिन कमी झालं की अँजिओटेन्सिन ते अल्डोस्टेरॉन ही पुढची सगळी साखळी मंदावते. वर ते अ‍ॅड्रिनल ग्रंथीला थेट सांगून अल्डोस्टेरॉनही कमी करतं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी रस्सीखेच तर आहेच, शिवाय त्याच्या पायाखालची मातीही उकरायची. रक्तवाहिन्यांचा स्नायू सैल होतो तो वेगळा. केशवाहिन्यांतून थोडं पाणी ऊतींमध्ये झिरपतं आणि रक्ताचं आकारमान लघवी व्हायच्या आधीच जरा उतरतं. तहान आणि मिठाची ओढही कमी होते.

असं असताना जास्त मीठ खाल्लं की बीपी वाढतंच कसं? कारण ही यंत्रणा चूक झाल्यावर जागी होते, आधी नाही. लिटरभर सलाइनमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं, आणि शरीरातला पेशींबाहेरचा द्रवही जवळपास तेवढाच खारट असतो. म्हणजे नऊ ग्रॅम जादा मीठ अंगात मुरलं की साधारण एक लिटर पाणी त्याच्यासोबत थांबतं. रोजचं मीठ वाढवलं की पहिले तीन-चार दिवस खाल्लेल्यापेक्षा बाहेर कमी पडतं आणि वजन वाढतं. या साठलेल्या पाण्यानं अलिंद ताणतं, एएनपी वाढतं, रेनिन उतरतं, आणि मग जेवढं खातो तेवढं बाहेर जाऊ लागतं. तोल साधतो खरा, पण तो वरच्या पातळीवर साधतो, ते साठलेलं पाणी अंगात ठेवूनच. ज्यांची मूत्रपिंडं चटकन मीठ सोडतात त्यांना याची फारशी झळ लागत नाही. ज्यांना जास्त दाबाशिवाय मीठ सोडता येत नाही, त्यांचं बीपी चढतं.

हॉर्मोनचा यातला हात उंदरांत स्पष्ट दिसला. एएनपीचं जनुक दोन्ही प्रतींतून काढून टाकलेल्या उंदरांचं बीपी वाढलेलं होतं. एकच प्रत काढलेले उंदीर साध्या खाण्यावर ठीक होते, पण खारट खाणं दिल्यावर त्यांचंही बीपी वर गेलं. हे १९९५ चं काम. माणसातही ज्यांच्या जनुकांतल्या बारीक फरकामुळे एएनपी जन्मभर थोडं जास्त असतं, त्यांचं बीपी सरासरीनं किंचित कमी आढळतं. फरक मोठा नाही, पण दिशा तीच.

रात्री तीनदा उठणं

साठीच्या पुढच्या पुरुषाला रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागलं की सगळे प्रोस्टेटकडे बोट दाखवतात. आधी दोन प्रश्न विचारावेत. प्रत्येक वेळी लघवी थोडी होते की भरपूर? आणि संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ उमटतो का? थोडीथोडी होत असेल, धार बारीक असेल, तर प्रोस्टेटचा संशय रास्त आहे. प्रत्येक वेळी भरपूर होत असेल, तर मूत्राशयापेक्षा वर पाहायला हवं. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर छातीकडे येतं, अलिंद फुगतं, आणि मग तलावातलीच गोष्ट अंथरुणात घडते. अशा माणसानं दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवले तर बराचसा निचरा झोपेच्या आधीच उरकतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं.

घोरणाऱ्या माणसाची गंमत आणखी वेगळी. झोपेत घसा मिटतो, पण छाती श्वास ओढायचा प्रयत्न करतच राहते. बंद दरवाज्यावर ओढ बसावी तसा छातीच्या पोकळीत ऋण दाब तयार होतो. तो अलिंदाच्या पातळ भिंतींना बाहेरून ओढतो आणि शिरांतलं रक्तही आत खेचतो. हृदयाला ताण कळतो, ताणाचं कारण कळत नाही. एएनपी सुटतं आणि माणूस लघवीला उठतो. झोपताना हवेचा दाब देणारं यंत्र लावलं की हे उठणं कमी होतं. प्रोस्टेटच्या गोळ्या वर्षभर घेऊन फरक पडलेला नाही आणि माणूस घोरतो, अशा वेळी झोपेची तपासणी करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

छातीत अचानक धडधड सुरू होऊन नाडी मिनिटाला दीडशेच्या वर जाते, तासाभरानं थांबते, आणि मग पाण्यासारखी पांढरी लघवी भरभरून होते. हे वर्णन हृदयाच्या तालाच्या बिघाडाचं आहे आणि वेगानं फडफडणाऱ्या, ताणलेल्या अलिंदांतून सुटलेल्या एएनपीचं. भीतीनं लघवी झाली म्हणून हे सोडून देतात. डॉक्टरांना धडधड सांगताना ही लघवीही सांगावी. ईसीजीत धडधड सापडली नसेल, तर निदानाला तिचा उपयोग होतो.

हृदयाची ताकद कमी पडली, म्हणजे हार्ट फेल्युअर आलं, की मात्र हे गणित विस्कटतं. रक्तात एएनपी आणि बीएनपी दहापट, वीसपट वाढलेलं असतं, तरी पाय सुजलेले, छातीत पाणी, लघवीत मीठ जेमतेम. एवढा निरोप जाऊन मूत्रपिंड ऐकत का नाही? एक तर हॉर्मोनचा निरोप घेणाऱ्या, पेशींवरच्या रिसेप्टरवर सतत मारा होऊन ते बधिर होतात. शिवाय रक्तात मोजलं जाणारं बरंचसं बीएनपी अर्धवट कापलेलं, कमी ताकदीचं असतं. पण सगळ्यात मोठं कारण असं, की कमकुवत हृदय मूत्रपिंडाला पुरेसं रक्त देऊ शकत नाही. मूत्रपिंड त्यातून उलटा अर्थ काढतं, की शरीर सुकत चाललंय. ते रेनिन सोडतं आणि अल्डोस्टेरॉन चढतं. एका अवयवाला पूर दिसतो, दुसऱ्याला दुष्काळ, आणि या भांडणात दुष्काळवाला जिंकतो.

तपासणीचा कागद

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन तपासण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आज एक आणि महिन्यानं दुसरी करून 'वाढलं की कमी झालं' हे ठरवता येत नाही. पहिल्यांदा जी केली तीच, शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी. उपाशी पोटी जायची गरज नाही. बीएनपीचा नमुना रक्त गोठू न देणाऱ्या प्लास्टिकच्या ईडीटीए नळीत घ्यावा लागतो आणि तो काही तासांतच तपासला गेला पाहिजे, कारण नळीतही ते तुटत राहतं. लहान गावातून नमुना गाडीनं शहरात जाणार असेल तर एनटी-प्रोबीएनपीच बरं.

आकडे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतात. नॅनोग्रॅम प्रति लिटर लिहिलेलं असेल तर आकडा तोच. परदेशातल्या काही लॅब पिकोमोलमध्ये देतात. तिथून आलेला एनटी-प्रोबीएनपीचा आकडा साडेआठनं गुणून घ्यावा, नाहीतर आईवडिलांचे कागद मुलांकडे पाठवताना विनाकारण घबराट किंवा खोटा दिलासा होतो.

बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे हळूहळू दम वाढलेल्या माणसात, एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या आत किंवा बीएनपी ३५ च्या आत असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. अचानक दम लागून दवाखान्यात आणलेल्या रुग्णासाठी या रेषा ३०० आणि १०० अशा आहेत. या तपासणीचं खरं बळ 'नाही' म्हणण्यात आहे. 'आहे' म्हणायला वय बघावं लागतं: एनटी-प्रोबीएनपी पन्नाशीच्या आत ४५० च्या वर, पन्नास ते पंचाहत्तरमध्ये ९०० च्या वर आणि त्यापुढे १८०० च्या वर. ऐंशीच्या आजींचा ४०० चा आकडा पाहून घर डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

आकडा फसवतो कुठे, ते जास्त महत्त्वाचं. मूत्रपिंड मंदावलं की तो चढतो, कारण निकामी तुकडा बाहेर टाकायचं काम त्याचंच. अलिंदाचा ताल बिघडलेला असेल तरी चढतो. फुफ्फुसात गुठळी अडकली किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी चढतो, कारण ताण हा ताणच. उलट लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो. शंभर किलोच्या माणसाला अचानक दम लागलाय, पाय सुजलेत आणि एनटी-प्रोबीएनपी १८० आलंय, तर 'हृदय ठीक आहे' असं म्हणून घरी पाठवू नये, एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा. अचानक छातीत पाणी भरलं असेल आणि रक्त पहिल्या तासातच काढलं असेल, तर बीएनपी बनायला अजून वेळच मिळालेला नसतो. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या काही यंत्रांवर आकडा खोटा उतरवतात. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि लॅबला सांगावं.

एकाच माणसाचा आकडा काहीही न घडता बराच हलतो. दवाखान्यात भरती झाल्यापासून घरी जाईपर्यंत तो ३० टक्क्यांहून जास्त उतरला, तर उपचार लागू पडताहेत असं धरायला हरकत नाही.

हॉर्मोन इतकं उपयोगी, तर ते बाहेरून का देऊ नये? दिलं गेलं. प्रयोगशाळेत बनवलेलं बीएनपी अमेरिकेत २००१ मध्ये शिरेतून देण्यासाठी मंजूर झालं. २०११ मध्ये सात हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. त्यात मृत्यूही कमी झाले नाहीत आणि पुन्हा भरती होणंही थांबलं नाही, बीपी मात्र नको इतकं उतरलं. मग उलट बाजूनं विचार झाला. शरीर स्वतः हॉर्मोन बनवतंच आहे, तर ते तोडणारं एन्झाइम का अडवू नये? त्या एन्झाइमचं नाव नेप्रिलायसिन आणि त्याला अडवणारं औषध सॅक्युबिट्रिल. मेख अशी, की नेप्रिलायसिन रेनिनच्या साखळीतलं, रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ पण तोडतं. नुसतं नेप्रिलायसिन अडवलं तर मित्रासोबत शत्रूही वाढतो. म्हणून अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर बंद करणारं वाल्सार्टन त्याच गोळीत घातलं. २०१४ मध्ये ८,३९९ रुग्णांत या जोडीची एनालाप्रिल या जुन्या औषधाशी तुलना झाली. हृदयामुळे मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यांचं प्रमाण एनालाप्रिलच्या गटात २६.५ टक्के आणि जोडगोळीच्या गटात २१.८ टक्के होतं.

ही गोळी आपल्याकडे ५०, १०० आणि २०० अशा नावांनी मिळते. ते आकडे दोन औषधांची बेरीज आहेत: ५० म्हणजे २४ आणि २६ मिलिग्रॅम. ती दिवसातून दोनदा घ्यायची असते. इथे होणारी सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे घरात उरलेली एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलची गोळी सोबत चालू ठेवणं. नेप्रिलायसिन रक्तवाहिन्या सैल करणारं ब्रॅडिकायनिनही तोडतं आणि ही जुनी औषधंही त्याचं तुटणं रोखतात. दोन्ही दारं बंद झाली की ब्रॅडिकायनिन साचतं, ओठ, जीभ, घसा सुजतो आणि श्वास अडू शकतो. जुन्या गोळीचा शेवटचा डोस आणि नव्या गोळीचा पहिला डोस यांत पूर्ण ३६ तासांचं अंतर हवं. जुनी पाकिटं घरातून काढूनच टाकावीत. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघतात. आणि या गोळीवर असताना बीएनपी तपासू नये, एनटी-प्रोबीएनपी तपासावं. बीएनपीचं तुटणंच थांबवलंय, मग ते वाढणारच. निकामी तुकड्याला नेप्रिलायसिन हातही लावत नाही.

गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन या सगळ्याच्या विरुद्ध काम करतं. मूत्रपिंडातलं रक्त वाहतं ठेवणारी प्रोस्टाग्लँडिनं ते बंद पाडतं, आणि मीठ आत अडकतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन आठवड्यात तीन किलो वाढलं, तर डॉक्टर आधी मिठाबद्दल विचारतात. लगेच दुखण्याच्या गोळीबद्दलही विचारायला हवं.

मिठाचं मोजमाप

मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. पण फोडणीत, कणकेत आणि डाळीत मीठ टाकणारा हात चमचा मोजत नाही. सोपा उपाय म्हणजे मिठाच्या पुड्यावर फोडल्याची तारीख लिहायची. चौघांच्या घरात एक किलोचा पुडा महिनाभर पुरला, तर माणशी रोजचे सव्वाआठ ग्रॅम झाले. पाच ग्रॅमच्या हिशोबानं तो पन्नास दिवस जायला हवा. आणि यात पापड, लोणचं, फरसाण, पाव, सुके बोंबील, सुकट यांतलं मीठ धरलेलंच नाही. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. खाण्याचा सोडा आणि पापडखारही सोडियमचेच क्षार, चव खारट नसली तरी. एका चहाच्या चमच्याभर खाण्याच्या सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं.

सैंधव चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे, थोडा गुलाबी रंग सोडला तर. कमी सोडियमचं मीठ मात्र खरंच वेगळं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठानं पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, वाल्सार्टन अशा गोळ्या चालू असतील, तर हे मीठ विचारल्याशिवाय आणू नये. पोटॅशियम आधीच वर असतं, आणि ते फार चढलं तर हृदयाचा ताल थांबू शकतो.

आणि एक गोंधळ वारंवार दिसतो. हार्ट फेल्युअरच्या आजोबांचा रिपोर्ट येतो, सोडियम १२८. घरचे लगेच ताकात चिमूटभर मीठ वाढवतात. तो आकडा रक्तातल्या मिठाच्या दाटपणाचा आहे, अंगातल्या एकूण मिठाचा नाही. या माणसात मीठ जास्तच असतं, फक्त पाणी त्याहून जास्त साठलेलं असतं. वाढवलेल्या मिठानं सूज वाढते. उलट, सुजलेली नसलेली, दोन महिन्यांपासून बीपीसाठी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी घेणारी आजी १२८ सोडियम घेऊन आली, तर दोष बहुधा गोळीचा. आकडा तोच, उपचार वेगळे. घरी ठरवू नये.

रोजचं वजन हे घरातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र. सकाळी उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. चरबी एवढ्या घाईनं येत नाही. सूज दिसायच्या आधी काटा सांगतो. त्या दिवशीच फोन करावा.

आपण किती मीठ खातो हे खरोखर मोजायचं असेल तर चोवीस तासांच्या लघवीत सोडियम बघावं लागतं, कारण खाल्लेल्या मिठातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास लघवीतूनच जातं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, शौचाच्या वेळची धरून, कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवीही त्यातच. आलेल्या मिलिमोलला १७ नं भागलं की मिठाचे ग्रॅम येतात: १७० म्हणजे दहा ग्रॅम. चूक बहुतेक वेळा एकच असते, दुपारची एखादी लघवी बाहेर होऊन जाते. म्हणून त्याच कॅनमधलं क्रिएटिनिनही मोजायला सांगावं. ते वजनाच्या मानानं फार कमी आलं तर नमुना अपुरा आहे. लघवी वाढवणारी गोळी नव्यानं सुरू झाली असेल तर दोन आठवडे थांबावं. आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दिवसभर उन्हात काम करणाऱ्याची ही तपासणी करण्यात अर्थ नाही. त्याचं बरंचसं मीठ सदऱ्याच्या पाठीवर पांढरं होऊन वाळलेलं असतं.